मुंबईची की नाशिकची? जुनी लक्झरी गाडी घेताना गंजाचा हिशोब

नाशिकमध्ये जुनी मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू शोधायला निघालं की दोन प्रकारच्या गाड्या समोर येतात. एक एमएच १५, इथेच फिरलेली, मालक किमतीवर अडून बसलेला. दुसरी एमएच ०२ किंवा एमएच ४३, म्हणजे मुंबई-नवी मुंबईची, कसारा घाट चढून आलेली. मॉडेल तेच, रंग चकचकीत आणि भाव खाली. माझा कौल नाशिकच्या गाडीला आहे, पण नंबर प्लेट पाहून नव्हे. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तरी नंबर तोच राहतो. एमएच ०२ ची गाडी कित्येक वर्षं नाशिकच्या गंगापूर रोडवर राहिलेली असू शकते. सर्व्हिसची बिलं कुठल्या शहरातली आहेत ते बघा.

मुंबईच्या गाडीचं दुखणं खारा वारा आणि तुंबलेलं पाणी. गंज खालून आणि आतून चढतो, म्हणून वरचा रंग काहीच सांगत नाही. गाडी रॅम्पवर घ्या. सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट), ब्रेकचे पाइप, जॅक लावायच्या जागा नीट पाहा. बाकी सगळं जुनं आणि खाली तेवढं ताजं काळं अंडरकोटिंग, म्हणजे गंज रोखायला खालून मारतात तो थर, दिसलं, तर ते कशावर मारलंय हे विचारलंच पाहिजे. मग दाराचं रबर हाताने थोडं ओढून काढा. कंपनीच्या पत्र्यावर स्पॉट वेल्डचे गोल खड्डे सारख्या अंतरावर दिसतात. तिथे पुट्टी भरून गुळगुळीत केलेलं असेल तर पत्रा बदललाय किंवा सडलाय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळ्यात राहणाऱ्या भागावर मातकट रेघ असेल, तर गाडी पाण्यात उभी होती. सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्यांचे बोल्ट आणि स्टेपनीचा खड्डा हेही तेच सांगतील.

नाशिकची हवा कोरडी, पाऊसही मुंबईच्या मानाने बराच कमी, त्यामुळे खालचा पत्रा सहसा चांगला मिळतो. पण इथली गाडी डोळे झाकून घेऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीच्या पुरात नदीकाठचा दुतोंड्या मारुती बुडाला होता. गोदाकाठी उभ्या राहणाऱ्या गाडीला सीटबेल्टची तपासणी मुंबईच्या गाडीइतकीच लागू आहे. मळ्यातल्या कच्च्या रस्त्याने फिरलेल्या गाडीच्या चाकांवरच्या कमानीत चिखल अडकून ओल धरतो. तिथे बोट फिरवून बघा.

शहरापेक्षाही मॉडेलचा फरक कधी कधी मोठा ठरतो. १९९५ ते २००२ च्या काळातली मर्सिडीजची चार लंबगोल दिव्यांची ई-क्लास, म्हणजे डब्ल्यू २१०, गंजासाठी जगभर बदनाम आहे. दारांच्या खालच्या कडा, डिकीचं झाकण, चाकांच्या कमानी तर सडतातच. पुढच्या स्प्रिंगला वरून आधार देणारा वेल्ड केलेला भागही सडून सुटतो. ही गाडी नाशिकची असली तरी मी आधी तो आधारच पाहीन. तिच्यानंतरची ई-क्लास, डब्ल्यू २११, आणि बीएमडब्ल्यूची ५ सिरीज ई ६० यांची बॉनेट आणि पुढची मडगार्डं अॅल्युमिनियमची आहेत. जाड पुट्टीवर लोहचुंबक चिकटत नाही, पण इथे ते मुळातच चिकटणार नाही, म्हणून पुट्टी भरली असं समजू नका. अॅल्युमिनियम लाल गंजत नाही, पण कडांना रंगाखाली फोड येतात. रंगाची जाडी मोजायचं मीटर दोन्ही धातूंवर चालणारं हवं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० च्या वर आकडा गेला तर तिथे काम झालंय.

पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस थर मनावर घेऊ नका, दोन-चार ब्रेक मारले की जातो. सायलेन्सरवरचा वरवरचा गंजही किरकोळ. दार किंवा डिकी गंजली असेल तर भाव पाडून घ्या, हे भाग बदलता येतात. सबफ्रेम किंवा जॅकच्या जागी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पत्रा भुसभुशीत लागला, तर फुकट मिळाली तरी नको.

जमलं तर गाडी पावसाळ्यात, एखादी सर पडून गेल्यावर बघा आणि पुढच्या मॅटखालचा गालिचा हाताने दाबा. सनरूफच्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथेच उतरतं, आणि जमिनीचा पत्रा आतून गंजायला लागतो.