सर्व्हर गेला, कर्कंद राहिलं: बॅटलफिल्ड २ बॉटांसोबत आठ महिने

घोडबंदर रोडची गर्दी कापून रात्री साडेनऊला कासारवडवलीत पोचलं की खेळायला हातात जेमतेम पाऊण तास उरतो. नवीन शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, लावला तर त्यातला निम्मा वेळ अपडेट खातं. म्हणून गणपती झाल्यावर जुन्या हार्ड डिस्कवरचं बॅटलफिल्ड २ पुन्हा टाकलं.

गेम २००५ चा. त्याचा ऑनलाइन कारभार गेमस्पाय या सेवेच्या भरवशावर होता आणि ३१ मे २०१४ ला गेमस्पायच बंद झालं. पण बॉट, म्हणजे कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू, गेमसोबतच येतात, त्यांना सर्व्हरशी घेणंदेणं नाही. १.५ चा पॅच, म्हणजे गेमची सुधारित आवृत्ती, टाकला की सीडी लागत नाही. ऑफलाइन अकाउंट उघडायचं आणि सुरू.

पहिला आठवडा मात्र वैतागलो. एकट्याला मॅप १६ खेळाडूंच्या मापाचाच मिळतो. बॉट वाढवायचे तर ‘एआयडिफॉल्ट’ ही फाइल नोटपॅडमध्ये उघडून आकडा बदलायचा. मी हावरटासारखे ६४ लिहिले. कर्कंद या शहराच्या मॅपवर, तेवढ्याशा जागेत ६४ जण म्हणजे सकाळचं ठाणे स्टेशन; जन्माला आलो की मेलो. मग ३२ वर आलो, बॉटांचं कौशल्य ०.६ ठेवलं, आता जमतंय. फाइलची कॉपी आधी काढून ठेवा. मी काढली नव्हती, एक ओळ चुकली आणि अख्खा गेम परत टाकावा लागला. मोठ्या मॅपवर बॉट हवे असतील तर त्या मॅपला नॅव्हमेश, म्हणजे बॉटांचा रस्त्यांचा नकाशा, लागतो. तो नसेल तर बिचारे जागच्या जागी उभे राहतात.

बॉटांचा नेम बरा आहे, ड्रायव्हिंगचं विचारू नका. परवा कर्कंदमधल्या हॉटेलच्या झेंड्यापाशी तिघं जीपमध्ये बसून भिंतीला नाक लावून चाकं फिरवत होते. मी हसत जवळ गेलो, तर वरच्या मशीनगनवाल्याने वळून मलाच उडवलं.

अनरिअल टूर्नामेंट २००४ या दुसऱ्या शूटरचे बॉट यांच्यापेक्षा कितीतरी हुशार. ते साहजिकच म्हणा, क्वेक या जुन्या शूटरसाठी रीपर बॉट लिहिणारा स्टीव्ह पोल्ज पुढे हा गेम बनवणाऱ्या एपिकमध्येच गेला. कठीणपणाच्या आठ पायऱ्या आहेत, मी चौथीवर मार खातो. या गेमच्याही ऑनलाइन सेवा जानेवारी २०२३ मध्ये थांबल्या, बॉटांना फरक पडला नाही. उलट २०१६ चा बॅटलबॉर्न बघा. त्यात एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. जानेवारी २०२१ मध्ये तो बंद झाला आणि गेमच संपला. आता जुना गेम घेताना मी ग्राफिक्सच्या आधी बॉट आणि लॅन, म्हणजे घरातल्या घरात केबलने जोडून खेळायची सोय, आहे का तेवढं बघतो.

कारण खरी मजा लॅनवर आली. दिवाळीत कळव्याचा मावसभाऊ लॅपटॉप घेऊन आला. तासभर त्याला माझा गेम दिसेचना. फायरवॉलला शिव्या घालून झाल्यावर कळलं, त्याच्याकडे गेमची १.४१ आवृत्ती आहे. पॅच टाकला, हॉलमधून केबल ओढली. आई अडखळली. “ही काय दोरी बांधून ठेवलीय मध्येच? पडले असते ना मी!”

दहाव्या मिनिटाला पठ्ठ्याने जीपला सी४ स्फोटकं चिकटवून ती माझ्या अंगावर सोडली. नौपाड्यातल्या सायबर कॅफेत, वीस रुपये तासाच्या काळात, हाच डाव तो माझ्यावर टाकायचा. आठ महिन्यांत एकाही बॉटला हे सुचलेलं नाही.

रविवारी परत येतोय. या वेळी केबल सोफ्यामागून टाकली आहे.