सीएफए की कोलॅजेन? आमवातावर अर्क तपासायचाय त्यांच्यासाठी

गुळवेल, शल्लकी, निर्गुडी, जे काही घ्यायचं ते ठरलं, गाईडनी मान डोलावली, आता अडतं ते इथे की रॅटमध्ये किंवा माइसमध्ये आमवात (ऱ्हुमॅटॉइडवाला, झिजलेले गुडघे नव्हे) आणायचा कसा. मी एम.फार्मला निर्गुडीच्या पानांचा अर्क घेऊन दोन्ही मॉडेल, म्हणजे प्राण्यात मुद्दाम आजार आणायच्या पद्धती, केली: आधी कोलॅजेन, मग सीएफए (कम्प्लीट फ्रॉइंड्स ॲडजुव्हंट). हौसेने नाही, पहिलं फसलं म्हणून दुसरं.

कागदावर कोलॅजेनच उजवं, त्यात वाद नाही. टाइप टू म्हणजे कूर्चेतलंच कोलॅजेन, त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, प्रतिकारशक्तीच्या टी सेल आणि बी सेल दोन्ही कामाला लागतात, माणसाच्या आजाराच्या बऱ्यापैकी जवळ जातं. १९७७ पासून चालत आलंय. सीएफए त्याहून जुनं, पिअर्सनचं १९५६ चं: टीबीचे मेलेले जंतू पॅराफिन तेलात, मागच्या पंजात ०.१ मिली. ते मुख्यतः टी सेलवर चालतं, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच दयाळू मॉडेल आहे, साधं इंडोमेथॅसिनसुद्धा (सूज-वेदनेची गोळी) त्यात हिरो दिसतं, मग तुमचा अर्कही दिसणारच. म्हणून स्टँडर्ड ग्रुपला, म्हणजे तुलनेसाठी ठरलेलं औषध देतात त्या गटाला, निदान मेथोट्रेक्सेट (आमवाताचं नेहमीचं औषध) तरी ठेवा.

आता माझं दुखणं. कोलॅजेन पातळ ॲसिटिक ॲसिडमध्ये रात्रभर फ्रिजात विरघळवायचं, मग बर्फात ठेवून तेवढ्याच सीएफएबरोबर घोटून घट्ट इमल्शन करायचं, थेंब पाण्यात टाकला की फुटता कामा नये, आणि या सगळ्यात ते गरम झालं तर संपलं, कारण त्याची मूळ घडण मोडली की सांधे सुजत नाहीत. मे महिना, होमोजिनायझर तापलेला, दुपारी लाइट गेलेली. थेंब मात्र पाण्यावर मस्त टिकला, म्हणून मी खूश. शेपटीच्या बुडाशी टोचलं, २१ व्या दिवशी बूस्टर दिला, रोज सकाळी जाऊन पंजे बघत बसलो आणि पस्तिसाव्या दिवशी आठपैकी तीनच माइस सुजलेले. इमल्शन बिघडलं होतं की माझा हात, आजही सांगता येणार नाही. चिडचिड होते ती फसण्याची नाही हो, फसलंय हे कळायला महिना उलटतो त्याची. एम.फार्मच्या वेळापत्रकात असे महिने असतात किती? त्यात डीबीए माइस (कोलॅजेनसाठी वापरतात ती जात) पुन्हा मागवायचे म्हणजे परत वाट बघणं.

सीएफए टोचलं की दुसऱ्या दिवशी पंजा टम्म. जमलं नसेल तर तिथल्या तिथे कळतं. शिवाय विस्टार रॅट आपल्याकडच्या बहुतेक ॲनिमल हाउसमध्ये असतातच.

फक्त एक, ही पहिली सूज म्हणजे आमवात नव्हे, ती नुसती टोचल्याची आग. खरा आजार १०-१२ दिवसांनी, न टोचलेल्या पायात दिसतो, तेव्हा नोंदी त्या पायाच्या ठेवा. अर्क पहिल्या दिवसापासून सुरू केला तर तुम्ही प्रतिबंध तपासताय, उपचार नाही, आणि वनस्पतींच्या कामात हा घोळ फार होतो. मी १४ व्या दिवसापासून दिला. आलेख काही देखणा आला नाही, गाईडचं तोंड जरा उतरलं, पण व्हायव्हाला त्याच आलेखाने वाचवलं.

वेदनेच्या बाबतीत सीएफए वाईट आहे हे मान्य. एथिक्स कमिटी विचारणारच, त्याआधीच जाड भुसा आणि खाणं पिंजऱ्याच्या तळाशी ठेवायचं लिहून टाका, सुजलेल्या पायावर उभं राहून जाळीतलं खाणं ओढता येत नाही त्यांना.

तुमच्या लॅबमध्ये इमल्शनचा हात बसलेला सीनियर असेल आणि हाताशी दोनेक वर्षं असतील, पीएचडी वगैरे, तर कोलॅजेन जरूर करा, मी कोण अडवणारा. नाहीतर माझं मत सीएफएला, आणि घोट्यावर प्लेथिस्मोमीटरसाठी (पंजाची सूज मोजायचं यंत्र) मार्करने केलेली खूण दर दोन दिवसांनी पुन्हा गडद करा, रॅट चाटून पुसून टाकतात.