सायलेंट व्हॅली: वाघाच्या आशेने जाऊ नका

केरळच्या सायलेंट व्हॅलीत सफारी समजून गेलात तर पैसे वाया गेल्यासारखं वाटेल. हे सदाहरित पावसाळी जंगल. जनावर दहा फुटांवर असलं तरी दिसत नाही आणि निम्मी हालचाल डोक्यावर, फांद्यांतच चालते. झाडं, पक्षी, माकडं यांत रस असेल तर मात्र पश्चिम घाटात इतकं सलग जंगल क्वचितच मिळतं.

मुंबईहून कोकण रेल्वेने शोरणूर, मग मण्णारक्काड, तिथून घाटाने सुमारे 20 किमीवर मुक्काली. स्वतःची गाडी इथेच ठेवायची. पुढे जंगलातल्या सैरंध्री या ठिकाणापर्यंतचे 23 किमी परवानगी असलेल्या जीपने, सोबत वाटाड्या. भाडं माणशी नाही, जीपमागे. एकट्याला महाग पडतं. प्रवेश सकाळी 8 ते दुपारी 1, पण पहिलीच जीप धरा. जाऊन-येऊन चार-पाच तास लागतात, त्यातला बराचसा वेळ खडबडीत रस्त्यावर.

खरी मजा त्या रस्त्यावरच आहे. वर फांद्या सळसळल्या की जीप थांबवून इंजिन बंद करायला सांगा. काळं माकड दिसलं की लोक लगेच ‘सिंहशेपटी’ (सिंहासारखी शेपटी असलेलं दुर्मिळ माकड) म्हणून फोटो टाकतात; बऱ्याचदा ते नीलगिरी वानर असतं. त्याचं डोकं पिवळसर तपकिरी, शेपूट लांबलचक. सिंहशेपटीच्या चेहऱ्याभोवती करडी आयाळ, शेपूट आखूड आणि टोकाला गोंडा. कुलेनियाची काटेरी फळं त्याचं मोठं अन्न, म्हणून त्या झाडांवर नजर ठेवा. शेकरूही दिसतं. दुर्बीण 8x42 (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरते. त्याहून मोठं करून दाखवणारी दाट सावलीत अंधूक पडते.

सैरंध्रीला सुमारे 30 मीटर उंच मनोरा आहे. खाली दीड किमी चालत कुंती नदी. विजेसाठी सरकारी धरण होणार होतं ते याच भागात. विरोधामुळे ते बारगळलं आणि 1984 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. मनोरा आणि नदी दोन्ही करायचं तर वेळ तोकडा पडतो. नदी सोडू नका, येतानाचा चढ मात्र हिशेबात धरा.

जळवा पावसाळ्यात बेसुमार, एरवीही सर पडली की हजर. साध्या मोज्यांच्या विणीतून त्या आत शिरतात. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे घ्या आणि पँट आत खोचा. जळवांसाठी लोक लावतात ते मीठ-तंबाखू ओल्यात धुऊन जातं. जळू चिकटलीच तर निमुळत्या तोंडाकडून नखाने सरकवा. तिच्या लाळेमुळे रक्त बराच वेळ गोठत नाही; घाबरू नका, कापूस दाबून धरा.

डिसेंबर ते मार्च उत्तम. नाश्ता मुक्कालीतच उरका, प्लास्टिक आत नेऊ नका.