पुणे–नागपूर विमान : तिकिटावर सव्वा तास, घड्याळात पाच

घर कोथरूडला, सासुरवाडी नागपूरला धरमपेठेत. त्यामुळे या मार्गावर ट्रॅव्हल्स, रेल्वे, स्वतःची गाडी आणि विमान, सगळं करून झालंय. हा रिव्ह्यू विमानाचा.

आधी अंतर. सरळ रेषेत दोन्ही विमानतळांमध्ये ६०० किलोमीटरच्या आसपास. रस्त्याने ७०० च्या वर. रेल्वे मनमाड-भुसावळवरून फिरून जाते, म्हणून ती ९०० च्या जवळ पोचते. त्यामुळे विमानाचा फायदा नुसत्या वेगाचा नाही, वळसाही वाचतो.

तिकिटावर सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. हा वेळ विमान पुण्यात जागेवरून हलल्यापासून नागपुरात जागेवर उभं राहीपर्यंतचा. हवेत जेमतेम तास. बाकीचा वेळ जमिनीवर सरपटण्यात आणि रांगेत, कारण पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी एकच, आणि आपण तिथे पाहुणे. खिडकीतून धावपट्टीचे फोटो काढायला बंदी आहे, ती पाळा. तरी कोणीतरी रील काढतंच आणि एअर होस्टेस बिचारी प्रत्येक वेळी तेच सांगते.

खरी परीक्षा घर ते विमानतळ. संध्याकाळी कर्वे रोड, बंडगार्डन, येरवडा करत कॅबने गेलात तर सव्वा तास धराच, पाऊस असेल तर देवाचं नाव घ्या. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत गेली तेव्हापासून मी वनाजला बसतो, पाऊण तासाच्या आत रामवाडी, तिथून रिक्षा. रिक्षावाला मीटरचं नाव काढत नाही, पण सिग्नलला सडण्यापेक्षा बरं. पहाटेच्या विमानाला मात्र मेट्रोचा उपयोग शून्य, ती सहाला सुरू होते.

नवं टर्मिनल जुलै २०२४ पासून सुरू आहे. जुन्यात बसायला जागा मिळवणं हीच कसरत होती, आता निदान पाय पसरता येतात. डिजीयात्रा (चेहरा ओळखून आत सोडणारं अ‍ॅप) करून ठेवा, रांग पटकन सरकते. चहाचे भाव मात्र बघू नका.

एकदा विमान अडीच तास लेट झालं. कंपनीने मेसेज पाठवला, तोही आम्ही सिक्युरिटी ओलांडून आत बसल्यावर. काउंटरवर विचारलं तर "सर, ऑपरेशनल रीझन." म्हणजे काय, ते त्यालाही माहीत नव्हतं. नाव लिहीत नाही, सगळ्या कंपन्यांचं उत्तर हेच असतं.

नागपुरात उतरल्यावर मात्र सुख. सोनेगावचा विमानतळ शहराला खेटून, बॅग पट्ट्यावर आली की वीस-पंचवीस मिनिटांत धरमपेठ. येताना सासूबाई लोणच्याची बरणी देतातच. ती चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत अडवतात. चेक-इनला १५ किलोची मर्यादा असते आणि संत्रा बर्फीचे डबे त्यात बघता बघता भरतात.

दारापासून दारापर्यंत पाच तास. वंदे भारतला नुसत्या गाडीत बारा, ट्रॅव्हल्सला अख्खी रात्र. दुपारचं विमान आणि बरं भाडं मिळालं तर डोळे मिटून घ्या, पाचपैकी चार. दिवाळीत भाडी वेड्यासारखी चढतात, तेव्हा आम्ही सरळ रेल्वेच्या तिकिटामागे लागतो.