गंगापूर धरणाकाठचा सूर्यास्त आणि वाइन टेस्टिंग : छोट्या गटाची सहल की स्वतःची गाडी?

नाशिकला जाऊन गंगापूर धरणाच्या पाण्यावर मावळता सूर्य पाहायचा आणि त्याच फेरीत वाइन टेस्टिंगही करायचे, असे ठरवणाऱ्यांपुढे साधारणपणे दोन मार्ग असतात. आठ-दहा जणांच्या छोट्या गटाच्या सहलीत नाव नोंदवावे, दुपारी ठरलेल्या ठिकाणी गाडीत बसावे आणि रात्री तिथेच उतरावे, हा एक मार्ग. आपली गाडी काढावी आणि मनाला येईल तिथे थांबावे, हा दुसरा. मी दोन्ही अनुभवले आहेत. पहिल्यांदा नोव्हेंबरच्या अखेरीस पत्नी, धाकटा भाऊ आणि भावजय यांच्यासह स्वतःच्या गाडीने गेलो होतो आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत आम्ही दोघेच नऊ जणांच्या गटाबरोबर गेलो. दोन फेऱ्यांच्या बळावर सर्वांना लागू पडेल असे काही सांगणे धाडसाचे आहे, याची मला जाणीव आहे. तरीही या दोन संध्याकाळींमध्ये जो फरक जाणवला, तो निर्णय घेणाऱ्याच्या उपयोगी पडावा.

स्वतःच्या गाडीची बाजू वरवर पाहता भक्कम आहे. सावरगावच्या रस्त्यावरची सुला, गंगावऱ्ह्याच्या बाजूची यॉर्क आणि सोमा या वायनऱ्या, म्हणजे वाइन बनवण्याची ठिकाणे, एकमेकांपासून फार दूर नाहीत, त्यामुळे एका दुपारी दोन ठिकाणे सहज होतात आणि एखादी जागा आवडली नाही तर उठून दुसरीकडे जाता येते. खर्चही कमी येतो. आमच्या हिशेबाप्रमाणे गटाच्या सहलीचा दरडोई खर्च स्वतःच्या गाडीच्या फेरीच्या जवळपास दीडपट झाला. शिवाय परतताना घेतलेल्या बाटल्या डिकीत नीट आडव्या ठेवता येतात आणि कोणाच्या पायाशी खणखणत नाहीत. नोव्हेंबरात आम्ही याच हिशेबाने निघालो आणि संध्याकाळी पाचपर्यंत तो हिशेब बरोबर होता.

गाडी मी चालवत होतो. भावालाही गाडी चालवता येते, पण घरातल्या सवयीने थोरल्याने चाक धरायचे, हे न बोलता ठरलेले होते. टेस्टिंगच्या टेबलावर रीतीप्रमाणे आधी फसफसणारी स्पार्कलिंग, मग सोव्हिन्यों ब्लाँ, शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइन, मग लाल शिराझ असे घोट-दोन घोट ओतले जाऊ लागले आणि प्रत्येक ग्लास माझ्यापर्यंत येऊन पुढे सरकू लागला. भाऊ म्हणाला, ‘‘दादा, एक घोट तरी घे.’’ समजावून सांगणाऱ्या मुलाने अदबीने सुचवले की चव घेऊन थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले आहे आणि जाणकारही तसेच करतात. जाणकार करत असतील. परंतु पत्नी आणि भावजय समोर बसलेल्या असताना तोंडातली वाइन भांड्यात थुंकणे माझ्याच्याने झाले नाही. मी सहाच्या सहा ग्लास नुसते हुंगले. सोव्हिन्यों ब्लाँला हिरव्या मिरचीसारखा वास येतो, एवढे ज्ञान त्या दिवशी पदरी पडले.

वाइन चुकल्याचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण बाटली घरी आणून उघडता येते. खरी पंचाईत त्यानंतर झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात काळोख पडतो. धरणाच्या बाजूने गंगापूर रोडला लागेपर्यंतचा रस्ता काही ठिकाणी अरुंद आहे. त्या वेळी शेतांवरून परतणारे ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चाललेले असतात, गुरे घराकडे वळलेली असतात आणि समोरून येणारे दुचाकीस्वार झगझगीत दिवे रोखून येतात. आपल्याकडे या वेळेला गोरज म्हणतात आणि तिचा मुहूर्तही काढतात, पण गाडी चालवणाऱ्यासाठी दिवसातली याहून अवघड वेळ नसावी. त्यामुळे सूर्य पाण्याच्या वर चार बोटे असतानाच मी घड्याळ पाहू लागलो. भाऊ-भावजय फोटो काढत होते, पत्नी शांतपणे पाण्याकडे पाहत होती आणि मी पार्किंगमधून गाडी कशी बाहेर निघेल, किती गाड्या आपल्या पुढे लागतील, हायवेला किती वाजता लागू याची गणिते करत होतो. ज्या क्षणासाठी एवढ्या लांब आलो, तो माझ्यापुरता निघण्याची वेळ होऊन बसला. तांबूस कड डोंगराआड गेली तेव्हा मी गाडीची किल्ली शोधत होतो. आकाश खरे रंगते ते सूर्य गेल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत, आणि ती सगळी मिनिटे मी आरशात पाहिली.

यावर कोणी म्हणेल की एखाद-दुसऱ्या घोटाने काय होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सहा नमुन्यांची बेरीज कोणाच्या रक्तात किती भरते, हे वजनावर, जेवणावर आणि मधल्या वेळेवर अवलंबून असते, त्यामुळे ‘मला चढत नाही’ हा आपला अंदाज काही कामाचा नाही. घेणारा आणि चालवणारा एकच असू नये, हे मी अगदी सरळ गृहीत धरतो. तसे धरले की स्वतःच्या गाडीतल्या चारांपैकी एकाची संध्याकाळ आधीच खर्ची पडलेली असते, आणि तो एक कोण असणार हे बहुतेक घरांत ठरलेले असते.

गटाची सहल दोषरहित होती असे मुळीच नाही. आयोजकाचे नाव घेण्याचे कारण नाही, पण गाडी ठरल्या वेळेपेक्षा वीस मिनिटे उशिरा आली. पहिल्या वायनरीत द्राक्षे पिळण्याचा प्रेस, स्टीलच्या टाक्या आणि ओकची पिंपे दाखवताना वाटाड्याने जी माहिती सांगितली, ती ज्याने एकदा ऐकली आहे त्याला पुन्हा ऐकावीच लागते. मागे राहून गप्प उभे राहण्याखेरीज इलाज नसतो. एका जोडप्याने बाटल्यांच्या काउंटरवर एवढा वेळ घेतला की आम्ही बाकीचे सात जण उन्हात गाडीपाशी ताटकळलो. एका तरुणाने मोबाइलवर गाणी लावली होती; ती बंद करायला सांगण्याचे धैर्य शेवटी माझ्या पत्नीने दाखवले. अनोळखी माणसांबरोबर पाच तास काढायचे, म्हणजे त्यांची चाल आपली करून घ्यावी लागते. ज्यांना हा विचारच नकोसा वाटतो, त्यांना मी आग्रह करणार नाही.

मात्र एक गोष्ट त्या वाटाड्याने अशी केली की बाकीचे विसरायला लावले. निघतानाच त्याने सांगून ठेवले होते की इथला सूर्य पंचांगातल्या वेळेची वाट पाहत नाही. हिवाळ्यात तो नैर्ऋत्येला, त्र्यंबकच्या डोंगररांगेच्या अंगाने उतरतो, आणि डोंगर आडवा आला की क्षितिजावरच्या सूर्यास्तापूर्वी काही मिनिटे दिसेनासा होतो. वर्षभरात मावळण्याची जागा उत्तर-दक्षिण पुष्कळ सरकते, त्यामुळे डिसेंबरात ज्या कोपऱ्यातून पाण्यावर सोनेरी पट्टा दिसतो, तिथून मे महिन्यात तो दिसेलच असे नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस क्षितिजावरचा सूर्यास्त साडेसहा उलटून गेल्यावर होतो. त्याने आम्हांला सहा वाजताच पश्चिमेकडच्या गच्चीवर आणून बसवले. टेबले आधीच राखून ठेवलेली होती. नोव्हेंबरात, तेही शनिवारी, आम्ही पाच-वीसला पोहोचलो तेव्हा त्या बाजूची एकही खुर्ची रिकामी नव्हती आणि आम्ही कठड्याशी उभे राहून कोणाच्या तरी डोक्यावरून सूर्य पाहिला होता.

या वेळी ग्लासात चांगली थंड शेनिन होती, किल्ली माझ्या खिशात नव्हती आणि रस्ता दुसऱ्याच्या जबाबदारीवर होता. तोंडी लावायला चीज आणि शेंगदाणे होते. पत्नीने पिशवीतून घरचा चिवडा काढला, तो गटात फिरला आणि दुपारभर एकमेकांकडे न पाहिलेली माणसे बोलू लागली. सूर्य गेल्यावर कोणी उठले नाही. पाण्याचा रंग आधी तांब्यासारखा, मग जांभळा, मग राखी होत गेला. पलीकडच्या काठावर एकेक दिवा लागला. मी घड्याळ पाहिले नाही, हे मला परतीच्या वाटेवर गाडीत आठवले.

गटाची सहल घेणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : सूर्यास्त पाहण्याची जागा वायनरीच्या आवारात आहे की बाहेर? धरणाचा काठ सार्वजनिक आहे आणि तिथे ग्लास घेऊन बसता येत नाही, बसूही नये. काही ठिकाणी ‘सनसेट पॉइंट’ म्हणजे टेस्टिंग आटोपून गाडीने काठावर जायचे आणि नुसते पाहून परतायचे, असा अर्थ असतो. त्यातही मजा आहे, पण ती वेगळी गोष्ट आहे, आणि जाहिरातीतल्या छायाचित्रात हातात ग्लास असेल तर फसगत झाल्यासारखे वाटते. दुसरे, टेस्टिंग सूर्यास्ताच्या आधी आहे की त्याच वेळी, हे पाहावे. आतल्या दालनात स्टीलच्या टाक्यांमध्ये उभे असताना बाहेर सूर्य मावळून गेला, अशी तक्रार मी दुसऱ्या गटातल्या एकाकडून गच्चीवरच ऐकली.

हंगामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दोन्ही मार्गांना ते सारखेच लागू आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर बागा पुन्हा फुटू लागतात, आणि जानेवारी ते मार्च या काळात वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते. तेव्हा वेलींवर घड आणि वायनरीत काम, दोन्ही पाहायला मिळते. पावसाळ्यात परिसर अतिशय देखणा असतो, पण सूर्यास्तासाठी ढगांच्या मर्जीवर राहावे लागते. २६ जानेवारीला ड्राय डे, म्हणजे मद्यविक्री बंद असण्याचा दिवस, असतो, आणि जोडून सुट्ट्या पाहून बेत आखणारे नेमके त्या दिवशी येऊन धडकतात. वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, तेव्हा कॉलेजातल्या मुलांना बरोबर नेताना तेही ध्यानात ठेवावे. आणि एक आगाऊ सल्ला : त्या दिवशी दुपारी नाशिकची मिसळ खाऊ नये. मिसळीशी माझे वैर नाही, पण तिच्या तर्रीनंतर जिभेला शेनिन आणि पाणी यांत फरक कळत नाही.

भाड्याची गाडी चालकासह घेणे हा मधला मार्ग आहे आणि चार माणसे असतील तर तो गटाच्या सहलीला बरोबरीची टक्कर देईल, असे वाटते. किल्लीची चिंता मिटते, अनोळखी सोबतही टळते. राखीव टेबल आणि जागेची माहिती मात्र आपली आपणच मिळवावी लागते. शिवाय चालक बाहेर उपाशी थांबला आहे ही टोचणी मला तरी स्वस्थ बसू देत नाही. त्याच्या जेवणाची सोय आधी बोलून घेतली तर तेवढे ओझे उतरते.

स्वतःची गाडी कोणी घ्यावी? ज्यांच्यात एक जण मुळातच वाइन घेत नाही आणि ज्याला रात्री गाडी चालवण्याचा कंटाळा नाही, त्यांनी जरूर घ्यावी. त्यांच्यासाठी माझी सगळी तक्रार निरर्थक आहे. लहान मुले किंवा गुडघेदुखीचे वडीलधारे बरोबर असतील तर गटाची गती त्यांना मानवणार नाही. रात्री वायनरीच्याच आवारात मुक्काम करणाऱ्यांना तर ही तुलना लागूच होत नाही. खोलीपर्यंत चालत जायचे असेल तर गाडी कोणाची, हा प्रश्न उरत नाही. मुंबईहून किंवा पुण्याहून सकाळी निघून रात्री परतण्याचा बेत असेल, तर मात्र स्वतःच्या गाडीचा विचार करताना चाकामागे बसणाऱ्या माणसाला एकदा बाजूला घेऊन विचारावे. तो ‘चालेल, मला काही हरकत नाही’ म्हणेल. मीही तसेच म्हणालो होतो.

येत्या फेब्रुवारीत भाऊ आणि भावजयही आमच्याबरोबर येणार आहेत. या वेळी शनिवारऐवजी बुधवार धरला आहे आणि गटात चार जागा सांगून ठेवल्या आहेत. भावाने हिशेब करून दाखवला की स्वतःच्या गाडीने गेलो तर बरेच पैसे वाचतील. मी त्याला म्हटले, मग गाडी तू चालव. त्यानंतर त्याने विषय काढलेला नाही.