आतड्याची तुकडा तपासणी, जळगावची लॅब: रिपोर्ट उत्तम, डब्यांची बोंब

या हिस्टोपॅथॉलॉजी (तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या) लॅबकडे चोपडा, शिरपूर, थेट नंदुरबारहूनही कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत) काढलेले तुकडे येतात. रिपोर्टला पैकीच्या पैकी मार्क. ‘नॉन-स्पेसिफिक कोलायटिस’ (मोठ्या आतड्याला सूज, कारण सांगता येत नाही) एवढंच लिहून हात झटकत नाहीत. ग्रंथींची रचना बिघडली आहे का, त्यांच्या तळाशी प्लाझ्मा पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) साठल्यात का, ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींची बारीक गाठ) केवढा, सगळं नमूद असतं. आपल्याकडे खरा घोळ आतड्याचा टीबी की क्रोन्स (आतड्याच्या जुनाट दाहाचा आजार), हाच. ग्रॅन्युलोमा २०० मायक्रॉनपेक्षा मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि मध्यभागी मृत झालेले असले तर टीबीकडे कल. लहान, सुटे असले तर क्रोन्सकडे. इथे न सांगता टीबीचे जंतू दाखवणारा झेडएन स्टेनही करतात.

पण किटमध्ये फक्त फॉर्मॅलिनची (तुकडे टिकवणाऱ्या द्रावणाची) डबी देतात, आणि तिथेच घोडं अडतं. टीबीच्या जीन एक्सपर्ट (जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहायला) तुकडे साध्या सलाईनमध्ये हवेत. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कुठून होणार? शंका असेल तर निर्जंतुक डबी दुर्बीण तपासणीच्या आधीच मागून घ्या आणि ती त्याच दिवशी पोचवा. जीन एक्सपर्ट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असंही नसतं. आतड्यात जंतू मुळातच कमी असतात.

फॉर्मॅलिन १० टक्के बफर केलेलं, तुकड्यांच्या निदान दहापट हवं. मे महिन्यात एस.टी. पार्सलने येताना झाकण गळून तुकडे कोरडे पडले, तर पेशींचा तपशील हातचा गेला. झाकणावर चिकटपट्टी मारा, डबी उभी ठेवा.

फॉर्मवर ‘कोलन बायोप्सी’ एवढीच एक ओळ, हे तर अजिबातच पटत नाही. दाहाच्या आजारात लहान आतड्याच्या टोकापासून गुदाशयापर्यंत किमान पाच जागांचे दोन-दोन तुकडे लागतात, प्रत्येक जागेची डबी वेगळी. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला पॅनेथ पेशी (ग्रंथींच्या तळाशी असणाऱ्या संरक्षक पेशी) असणं साहजिक आहे. डाव्या बाजूला त्याच पेशी जुनाट आजाराची खूण ठरतात. सगळे तुकडे एकाच डबीत कोंबले की हा फरक कळायचा मार्गच उरत नाही. चालू औषधं आणि दुर्बिणीत काय दिसलं, तेही फॉर्मच्या मागे लिहून द्या. व्रण असेल तर कडेचे तुकडे घ्याच, पण वरचा पुवाचा थरही पाठवा: अमिबा तिथे सापडतो, आणि तो निसटून स्टिरॉइड सुरू झालं तर आतड्याला भोक पडायची भीती.

रिपोर्ट चार-पाच दिवसांत मिळतो. कॅन्सर निघाला तर एमएमआर प्रथिनांची (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या) तपासणी बाहेर पाठवतात, तिला आणखी वेळ लागतो. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवायचं असेल तर नुसता कागद नेऊ नका, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) दोन्ही मागा. अर्ज दिला की इथे कुरकुर न करता देतात.