गेटिसबर्ग की रिचमंड? एकच दिवस हाताशी असेल तर

अमेरिकेची यादवी, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं आणि उत्तर यांच्यातलं १८६१ ते १८६५चं युद्ध, मुलांना किंवा भारतातून आलेल्या आईवडिलांना दाखवायची आहे आणि हाताशी एकच दिवस आहे. वॉशिंग्टनच्या आसपास राहणाऱ्यांपुढे तेव्हा दोन नावं येतात. उत्तरेला दीडेक तासावर गेटिसबर्ग आणि दक्षिणेला दोनेक तासांवर रिचमंड, बंडखोर दक्षिणेची तेव्हाची राजधानी. बहुतेक मराठी कुटुंबं गेटिसबर्गला जातात. आम्ही दोन्हीकडे गेलो, आईबाबांना घेऊन.

सोयीचं म्हणाल तर गेटिसबर्गच. जवळजवळ सगळं रणांगण गाडीतून फिरता येतं, त्यामुळे वयस्कर माणसं दमत नाहीत. १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत इथे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१ हजार सैनिक मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. लिटल राउंड टॉप या टेकडीवरून खालचे खडक आणि शेतं पाहिली की लढाई कशी झाली असेल ते कुणी न सांगता कळतं. मुलांना तोफा आवडतात. लिंकनने त्याच नोव्हेंबरात जिथे दोन-तीन मिनिटांचं भाषण केलं ती दफनभूमीही इथेच आहे.

मला एकच गोष्ट खटकली, पण ती दिवसभर खटकत राहिली. या मैदानावर तेराशेच्या वर स्मारकं आहेत आणि त्यातली बहुतेक एकच भाषा बोलतात: कोणती पलटण, कुठे उभी होती, किती पडले. लढाई कशी झाली ते प्रत्येक दगड सांगतो, कशासाठी झाली ते शोधावं लागतं. आईने शाळेत इतिहास शिकवलेला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, म्हणून या युद्धाबद्दल तिला फार आस्था. तिसऱ्या की चौथ्या थांब्यावर तिने विचारलं, “ज्यांच्यासाठी हे सगळं झालं ती माणसं कुठे आहेत रे इथे?” मला बोट दाखवता येईना. संग्रहालयात गुलामगिरीवर चांगली दालनं आहेत, हे सांगायलाच हवं. बाहेर मैदानात मात्र शौर्य तेवढं उरतं, तेही दोन्ही बाजूंना सारखंच वाटून दिलेलं.

हे आपोआप झालेलं नाही. १९१३ मध्ये लढाईला पन्नास वर्षं झाली तेव्हा दोन्हीकडचे पन्नास हजारांवर म्हातारे सैनिक इथे जमले, एकमेकांचे हात हातात घेतले. जुनं भांडण मिटल्याचं अध्यक्ष विल्सन यांनी भाषणात सांगितलं. ते मिटवताना काय बाजूला पडलं? दक्षिणेचा सेनापती ली याच्या सैन्याने इथे, पेनसिल्व्हेनियात, शिरल्यावर तिथल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही पकडून गुलाम म्हणून दक्षिणेत पाठवलं होतं, ही गोष्ट तर पडलीच.

रिचमंडला मुळात सगळं विखुरलेलं. गाडी लावा, चाला, पुन्हा गाडी काढा. शॉको बॉटम या गुलामांच्या जुन्या बाजाराच्या भागात हायवेची घरघर कानात बसते आणि पाहण्यासारखं म्हणाल तर गवत आणि माहितीचे फलक. बाबा पहिला अर्धा तास कंटाळले होते. पण न्यू ऑर्लिन्स सोडलं तर माणसांचा एवढा मोठा बाजार अमेरिकेत दुसरीकडे नव्हता. इथे रॉबर्ट लम्पकिनचा खासगी तुरुंग होता, विकायला आणलेली माणसं त्यात कोंडून ठेवत. त्याच्या मृत्यूनंतर ती जागा मेरी लम्पकिनकडे आली. ती आधी त्याचीच गुलाम होती, त्याच्या मुलांची आई होती. युद्धानंतर तिने ती जागा मुक्त झालेल्यांच्या शाळेसाठी भाड्याने दिली. कालव्याकाठी हेन्री ब्राउनच्या खोक्याची प्रतिकृती आहे. बायकोमुलांना विकून टाकल्यावर १८४९ मध्ये हा माणूस लाकडी खोक्यात बसला आणि स्वतःच पार्सल होऊन फिलाडेल्फियाला पोहोचला. माझी मुलगी त्या खोक्यापाशी बराच वेळ आपली उंची मोजत बसली.

तिथून ट्रेडेगारच्या जुन्या लोखंडी कारखान्यात, आताच्या यादवीच्या संग्रहालयात, गेलं की दोन्ही प्रदेशांच्या समजुती नीट उलगडतात. दक्षिणेच्या तोफांचा मोठा वाटा इथे ओतला गेला, आणि त्या कामावर गुलामही होते. ‘राज्यांच्या हक्कांसाठी युद्ध झालं’ हे आपल्याकडचेही काही जण सहज बोलून जातात. त्यांनी मिसिसिपीचा १८६१चा जाहीरनामा वाचावा. आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, हे त्यात सुरुवातीलाच सांगितलं आहे. दक्षिणेच्या उपाध्यक्षाने, अलेक्झांडर स्टीव्हन्सने, त्याच मार्चमध्ये सव्हाना इथे काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हाच नव्या राष्ट्राचा पाया असल्याचं सांगितलं. आणि पळून आलेले गुलाम परत देण्याची सक्ती उत्तरेच्या राज्यांवर करणारा १८५०चा कायदा दक्षिणेलाच हवा होता. तेव्हा त्या राज्यांचे हक्क कुणाला आठवले नाहीत.

उत्तरही सोवळी नव्हती. तिच्या गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत होत्या, आणि जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही असं लिंकननेच सुरुवातीला म्हटलं होतं. गुलामगिरी पश्चिमेत पसरू नये, एवढ्यावर उत्तरेतल्या अनेकांची मजल थांबत होती. हा गुंता रिचमंडला जास्त सरळ समोर येतो, असं मला वाटतं. ३ एप्रिल १८६५ला शहर पडलं तेव्हा आत शिरलेल्या उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीय पलटणी होत्या. दुसऱ्या दिवशी लिंकन धाकट्या मुलाला घेऊन या रस्त्यांवरून चालत गेला आणि कालपर्यंत गुलाम असलेली माणसं त्याच्याभोवती जमली. आईला हवी होती ती माणसं इथे भेटली.

लढाईचे डावपेच हा ज्यांचा खरा आवडीचा विषय आहे त्यांना गेटिसबर्गच रुचेल, त्यात गैर काही नाही. गुडघे दुखत असतील तरीही तेच बरं. जाल तर सिमेटरी रिजवरचं छोटं पांढरं घर चुकवू नका. ते अब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं. सैन्य येण्याआधीच त्याला घरच्यांना घेऊन पळावं लागलं आणि ३ जुलैचा मोठा हल्ला त्याच टेकाडावर आला.

बाकी कुणी विचारलं तर मी रिचमंड सांगतो. शक्यतो एप्रिल किंवा ऑक्टोबरात जा, जुलैतला दमट उकाडा चालू देत नाही. सकाळी आधी ट्रेडेगार, मग कालव्याने चालत शॉको बॉटम. या क्रमाने गेलात तर तिथलं गवत रिकामं वाटणार नाही.